उपांत्य फेरीचा निकाल एका ओळीत मावत नाही

मा. संपादक,

स. न. वि. वि.

ऑनलाइन सिम्युलेशन टेनिस लीगच्या बातम्या हल्ली क्रीडा पानांवर अधूनमधून दिसू लागल्या आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र त्या बातम्यांचा साचा खऱ्या कोर्टावरच्या टेनिसचाच आहे: कोण जिंकले, किती सेटमध्ये जिंकले, अव्वल मानांकिताला धक्का बसला का. उपांत्य फेरीला तर बहुधा एकच ओळ मिळते. या लीगमध्ये खेळाडू हातात रॅकेट धरत नाही. तो डावपेचांचा तक्ता भरून पाठवतो आणि सामना संगणक खेळतो. अशा सामन्याबद्दल ती एक ओळ जवळपास काहीच सांगत नाही, उलट गैरसमज वाढवते. उपांत्य सामने आटोपले की ‘इंजिन (सामना खेळवणारी संगणकप्रणाली) पक्षपाती आहे’ हा वाद उसळतो, त्याचे मूळ पुष्कळदा या अर्धवट माहितीत असते. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

आधी इंजिन सामना कसा घडवते ते पाहू. प्रत्येक खेळाडूच्या नावावर कौशल्याचे आकडे असतात: पहिली सर्व्हिस, दुसरी सर्व्हिस, रिटर्न, फोरहँड, बॅकहँड, नेटजवळचा खेळ, वेग, दमसास. त्यात कोर्टाचा पृष्ठभाग आणि पाठवलेले डावपेच मिसळून इंजिन प्रत्येक गुणासाठी शक्यता काढते आणि ० ते १ मधला एक यादृच्छिक आकडा उचलते. पहिली सर्व्हिस आत पडण्याची शक्यता ६२ टक्के असेल आणि उचललेला आकडा ०.६२ पेक्षा कमी आला, तर सर्व्हिस आत. मग पुढचा आकडा, मग त्याच्या पुढचा. सामना म्हणजे अशा काहीशे आकड्यांची माळ.

आता डावपेच बदलल्याने नेमके काय होते ते पाहा. पहिली सर्व्हिस ६२ टक्के वेळा आत, त्यावर ७२ टक्के गुण, आणि दुसऱ्या सर्व्हिसवर ५१ टक्के गुण, असा खेळाडू घ्या. त्याचा सर्व्हिसवरचा एकूण वाटा ६४ टक्के होतो आणि तो १०० पैकी साधारण ८१ गेममध्ये सर्व्हिस राखतो. त्याने पहिल्या सर्व्हिसचा जोर वाढवला, त्यामुळे ती ५५ टक्केच आत पडू लागली पण तिच्यावरचे गुण ७७ टक्के झाले, तर एकूण वाटा ६५.३ वर जातो आणि राखलेले गेम ८३ होतात. इथवर फायदा आहे. मग अनेकजण दुसऱ्या सर्व्हिसचाही जोर वाढवतात, दुहेरी चुका वाढतात आणि तिच्यावरचा वाटा ५१ वरून ४६ वर येतो. आता एकूण ६३ टक्के आणि राखलेले गेम ८० च्या खाली. म्हणजे मुळात होते त्यापेक्षाही वाईट. जोखीम पहिल्या सर्व्हिसवर घ्यावी, दुसरीवर नाही. उपांत्य फेरीच्या दडपणात तक्त्यातल्या सगळ्याच पट्ट्या उजवीकडे सरकवण्याची चूक फार होते आणि नंतर दोष इंजिनाला मिळतो.

याहून महत्त्वाचे म्हणजे तुल्यबळ खेळाडूंचे गणित. उपांत्य फेरीत उरलेले चौघे एकमेकांच्या फार जवळचे असतात. सर्व्हिसचा फरक क्षणभर बाजूला ठेवा आणि समजा, सरस खेळाडूला प्रत्येक गुण जिंकण्याची शक्यता ५१ टक्के आहे. गेमच्या पातळीवर ती ५२.५ टक्के होते, सेटच्या पातळीवर ५७ आणि तीन सेटच्या सामन्यात सुमारे ६१. म्हणजे सरस असूनही तो १०० पैकी ३९ वेळा हरणार. गुणाची शक्यता ५२ टक्के असेल तर सामना ७० टक्के आणि ५५ असेल तर ९१ टक्के. सामना पाच सेटचा केला तर हेच आकडे ६३, ७५ आणि ९५ होतात. दोन्ही उपांत्य सामन्यांत सरस खेळाडूची बाजू ६१ टक्क्यांची असेल, तर दोघेही अंतिम फेरीत पोहोचण्याची शक्यता ३७ टक्केच उरते. अव्वल दोघांपैकी निदान एक जण उपांत्य फेरीत पडणे हेच जास्त संभवते. त्याला ‘धक्का’ म्हणणे चुकीचे आहे.

खऱ्या टेनिसमध्येही हेच दिसते. २०१९ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात रॉजर फेडररने २१८ गुण जिंकले, नोव्हाक जोकोविचने २०४. करंडक जोकोविचने उचलला, कारण तिन्ही टायब्रेकर त्याचे होते. २०१० मध्ये विम्बल्डनवरच जॉन इस्नर आणि निकोला माहू यांचा सामना तीन दिवसांत मिळून ११ तास ५ मिनिटे चालला. माहूने ५०२ गुण घेतले, इस्नरने ४७८, आणि शेवटचा सेट ७०-६८ असा इस्नरला गेला. टेनिसची गुणपद्धतच अशी आहे की गुण कोणत्या क्षणी आला याला मोल आहे. सिम्युलेशन ही पद्धत जशीच्या तशी उचलते, त्यामुळे ‘माझे गुण जास्त, तरी मी हरलो’ ही तक्रार इंजिनाविरुद्धचा पुरावा ठरत नाही.

ब्रेक पॉइंटचे, म्हणजे जिंकल्यास समोरच्याची सर्व्हिस मोडते अशा गुणाचे, तसेच. ‘११ ब्रेक पॉइंट मिळाले, दोनच जिंकू दिले’ असे वाक्य उपांत्य फेरीनंतर हमखास कानावर येते. रिटर्नवर ३६ टक्के गुण जिंकणाऱ्या खेळाडूला ११ पैकी सरासरी चार मिळायला हवेत, हे खरे. पण दोन किंवा त्याहून कमी मिळण्याची शक्यता १८ टक्के असते, जवळजवळ साडेपाच सामन्यांत एकदा. एका सामन्यातल्या ११ गुणांवरून कोणावरही आरोप करता येत नाही.

मग निकाल वाचावा कसा? गुणनोंद मागावी. चांगली लीग प्रत्येक सामन्याची गुणवार फाइल देते. तिच्यात गुणाचा क्रमांक, सर्व्हर कोण, पहिली की दुसरी सर्व्हिस, फटक्यांची संख्या, गुण कोणाला आणि त्या क्षणी दोघांचा दमसास किती, एवढे रकाने असले की पुरे. ही फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडून आधी सर्व्हरप्रमाणे गुण मोजावेत, मग त्यातून पहिली आणि दुसरी सर्व्हिस वेगळी काढावी, आणि त्याच पृष्ठभागावरच्या आधीच्या दहा-बारा सामन्यांच्या सरासरीशी ताडून पाहावे. क्ले कोर्टचे आकडे ग्रास कोर्टच्या आकड्यांशी ताडले तर काहीही सिद्ध होते. ही चूक अनुभवी लोकही करतात.

ताडताना किती फरक खरा मानायचा, याचेही मोजमाप आहे. सर्व्हिसवर नेहमी ६४ टक्के गुण घेणाऱ्याने सामन्यात ७० गुणांवर सर्व्हिस केली, तर निव्वळ योगायोगाने होणारी चढउतार एका प्रमाण विचलनाला (सरासरीभोवतीच्या नेहमीच्या फरकाच्या मापाला) ५.७ टक्के इतकी असते. दोन विचलने धरली तर ५३ ते ७५ टक्क्यांमधला कोणताही आकडा एका सामन्यापुरता सामान्यच म्हणावा लागेल. आणि इंजिन एखाद्याच्या बाजूने झुकले आहे हे फक्त सामन्यांच्या निकालांवरून दाखवायचे असेल, तर ५० आणि ५५ टक्क्यांतला फरक ओळखायला सुमारे ४०० सामने लागतात. एका मोसमात इतके उपांत्य सामने कुठून येणार? गुणनोंद हाती असेल तर मात्र दहा सामन्यांत हजारभर गुण सहज जमतात आणि दीड-दोन टक्क्यांच्या विचलनाने बोलता येते. गुणनोंदीचा आग्रह धरायचा तो यासाठी.

स्कोअर वाचण्यातही गफलती होतात. ७-६ (५) मधला कंसातला आकडा टायब्रेकर हरलेल्याचे गुण सांगतो, म्हणजे टायब्रेकर ७-५. कंसात ११ असेल तर तो १३-११. काही लीग निर्णायक सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेकर खेळवतात. तिथे १०-८ हा सेटचा स्कोअर समजून गेमच्या टक्केवारीत मिसळला की गटवारीचे सगळे हिशेब बिघडतात. ड्यूसनंतर एकाच गुणावर गेम संपवण्याची पद्धतही निकालाचे स्वरूप बदलते: सर्व्हिसवर ६० टक्के गुण घेणारा खेळाडू नेहमीच्या पद्धतीत ७३.६ टक्के गेम राखतो, या पद्धतीत ७१. आणि चार गेमचे छोटे सेट असतील तर सरस खेळाडूची बाजू आणखी पातळ होते, कारण फरक उमटायला गुणच कमी मिळतात. बातमीत सामन्याचा प्रकार दिलेला नसेल तर ४-२, ४-३ हे आकडे वाचकाने कसे समजून घ्यायचे?

‘पुढे चाल’ आणि ‘दुखापतीमुळे माघार’ यांतही फरक करावा. पुढे चाल म्हणजे सामना झालाच नाही; सिम्युलेशनमध्ये ती बहुधा तक्ता वेळेत न पाठवल्याने किंवा खाते निष्क्रिय असल्याने मिळते. माघार म्हणजे सामना सुरू झाला आणि इंजिनाच्या दुखापतीच्या शक्यतेने तो मध्येच थांबवला. पहिल्या प्रकारात विजेत्याचा दमसास शाबूत असतो, दुसऱ्यात तो काही अंशी खर्च झालेला असतो. अंतिम फेरीसाठी हा फरक मोठा आहे.

उपांत्य निकालाचा खरा उपयोग दमसासासाठीच आहे. २०१८ च्या विम्बल्डनमध्ये केव्हिन अँडरसनने उपांत्यपूर्व फेरीत फेडररला शेवटच्या सेटमध्ये १३-११ असे हरवले, उपांत्य फेरीत इस्नरला ६ तास ३६ मिनिटांच्या सामन्यात २६-२४ असे हरवले, आणि अंतिम फेरीत जोकोविचसमोर पहिले दोन सेट ६-२, ६-२ असे गमावले. त्या उपांत्य सामन्यानंतर विम्बल्डनने पुढच्याच वर्षी शेवटच्या सेटमध्ये १२-१२ वर टायब्रेकर आणला, आणि २०२२ पासून चारही ग्रँड स्लॅम स्पर्धांत ६-६ वर दहा गुणांचा टायब्रेकर आला. सिम्युलेशन लीगनेही कोणता नियम लावला आहे हे माहीत असल्याशिवाय थकव्याचा अंदाज बांधता येत नाही.

इथे एक बारकावा आहे. इंजिन थकवा घड्याळावर मोजत नाही. दमसास फटक्यांच्या संख्येवर खर्च होत असेल, तर क्ले कोर्टवर लांबलचक रॅलींचा ६-४, ६-४ हा सामना ग्रास कोर्टवरच्या ७-६, ६-७, ७-६ पेक्षा जास्त दमवू शकतो. गेमच्या संख्येवर खर्च होत असेल, तर उलटे. प्रतिस्पर्धी तीन सेट खेळला म्हणून तो दमलेला असणार, असे गृहीत धरून लांब रॅलींचा डाव आखणाऱ्यांची अंतिम फेरीत फसगत होते ती यामुळे. नियमपत्रकात दमसास कशावर खर्च होतो आणि एका रात्रीत किती भरून येतो, हे दोन आकडे आधी पाहावेत, मग प्रतिस्पर्ध्याच्या उपांत्य सामन्यातले फटके मोजावेत.

प्रतिस्पर्ध्याचा तोच एक सामना पाहून पूर्ण डाव रचणेही धोक्याचे. त्याने उपांत्य फेरीत १४ वेळा नेटकडे धाव घेतली असेल, पण ती कदाचित समोरच्याच्या कमजोर बॅकहँडसाठी असेल. त्या पृष्ठभागावरचे निदान पाच सामने पाहावेत, आणि त्याची जी सवय पाचही सामन्यांत दिसते तीवरच डाव लावावा.

वेळेचा भाग थोडक्यात. लीगचे सर्व्हर (सामने चालवणारे संगणक) बहुधा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतात. उपांत्य सामने आज १८ वाजता, अंतिम सामना उद्या १८ वाजता आणि तक्ता बंद होण्याची वेळ एक तास आधी असेल, तर अंतिम फेरीच्या तयारीला २३ तास मिळतात. ज्या देशांत उन्हाळी वेळ पाळतात तिथे घड्याळ तासाने पुढेमागे होते आणि त्या आठवड्यात तक्ते हमखास उशिरा पोहोचतात. तक्ता ‘जतन’ करणे आणि ‘सादर’ करणे ही दोन वेगळी बटणे असतील तर दुसरे दाबले का, हे तपासावे. आणि सर्वात महाग पडणारी चूक ही: नवा तक्ता न मिळाल्यास इंजिन शेवटचा सादर केलेला तक्ता वापरते. तो मागच्या महिन्यातल्या ग्रास कोर्टसाठीचा असेल, तर क्ले कोर्टवरच्या उपांत्य फेरीत खेळाडू प्रत्येक सर्व्हिसमागे नेटकडे पळत सुटतो.

थेट प्रक्षेपणाविषयीही एक गोष्ट वाचकांना ठाऊक असावी. पडद्यावर गुणामागून गुण सरकताना दिसतो तेव्हा सामना आधीच खेळून झालेला असतो. इंजिनाला पूर्ण सामना मोजायला सेकंदभरही लागत नाही. तोच अर्धा-पाऊण तास ताणून दाखवला जातो. निकाल साठवणारा कोठा आणि दाखवणारा पडदा यांची वेळ जुळवलेली नसेल, तर तिसरा सेट सुरू असतानाच ड्रॉमध्ये अंतिम फेरीच्या चौकटीत नाव झळकते किंवा क्रमवारीतले गुण बदलतात. हे दिसले की लोक ‘निकाल आधीच ठरलेला होता’ म्हणतात. तो आधी मोजलेला होता, ठरवलेला नव्हे. पण संशयाला जागा आयोजकांनीच दिली. उपाय सोपा आहे: निकालाच्या नोंदीला प्रसिद्धीची वेळ जोडायची आणि ड्रॉ, क्रमवारी, बक्षिसे ही सगळी पाने त्या वेळेनंतरच वाचू द्यायची. एक पान विसरले तरी निकाल फुटतो.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे पत्र आहे. संगणकाचे यादृच्छिक आकडे खरे यादृच्छिक नसतात. एका आरंभीच्या आकड्यापासून ती माळ गणिताने तयार होते. त्या आकड्याला बीजांक म्हणू (इंग्रजी शब्द ‘सीड’, मानांकनाचाच आहे, पण मानांकनाशी त्याचा संबंध नाही). बीजांक, दोघांचे तक्ते आणि इंजिनाची आवृत्ती तीच असेल तर सामना शेवटच्या गुणापर्यंत तसाच पुन्हा घडतो. हीच पारदर्शकतेची किल्ली आहे. सामन्यानंतर बीजांक जाहीर केला की कोणीही सामना स्वतः पुन्हा खेळवून पाहू शकतो.

पण नंतर नुसता जाहीर करून भागत नाही. आयोजकाने शंभर बीजांक वापरून पाहिले आणि हवा तो निकाल देणारा निवडला, अशी शंका उरतेच. म्हणून सामन्याआधी बांधून घ्यावे लागते. त्याची रीत अशी. लीगने आणि दोन्ही खेळाडूंनी प्रत्येकी एक गुप्त मजकूर तयार करायचा, निदान वीस अक्षरे-आकड्यांचा, आणि त्याचा शा-२५६ पद्धतीचा हॅश, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, तक्ता बंद होण्याआधी जाहीर करायचा. हा हॅश ६४ चिन्हांची ओळ असतो. त्यावरून मूळ मजकूर काढता येत नाही, आणि मजकुरात एक अक्षर बदलले तरी सगळी ओळ बदलते. तक्ते बंद झाले की तिघांनी मूळ मजकूर उघड करायचे, ते आधी ठरलेल्या क्रमाने जोडायचे, आणि त्या जोडमजकुराच्या हॅशमधून बीजांक काढायचा. तिघांपैकी एकालाही एकट्याने निकाल वळवता येत नाही.

यात बिघडते कुठे, तेही सांगितले पाहिजे. गुप्त मजकूर पाच अंकी संख्या असेल तर एक लाख शक्यता तपासायला संगणकाला क्षणभर पुरतो, म्हणून लांबी कमी करू नये. मजकुराच्या शेवटी एक रिकामी जागा किंवा नवी ओळ चिकटली तर हॅश जुळत नाही आणि निष्कारण भांडण होते. देवनागरी मजकूर वापरू नये, कारण ‘ऱ’ सारखे अक्षर संगणकात दोन वेगळ्या प्रकारे साठवले जाऊ शकते. दिसायला तेच, हॅश मात्र निराळा. फक्त इंग्रजी अक्षरे आणि अंक ठेवावेत. शेवटी उघड करणाऱ्याला बाकी दोघांचे मजकूर आधी दिसतात. इंजिन खुले असेल तर तो निकाल आधी मोजून, हरत असल्यास मजकूर दडवू शकतो. त्यावर एकच नियम चालतो: ठरलेल्या वेळेत मजकूर उघड केला नाही तर समोरच्याला पुढे चाल. आणि लीगने आपला मजकूर दडवला तर सामना नव्याने बांधून घ्यावा, तसे का झाले याच्या जाहीर खुलाशासह.

पुष्कळ ठिकाणी मर्सेन ट्विस्टर ही आकडे तयार करण्याची पद्धत वापरतात; माकोतो मात्सुमोतो आणि ताकुजी निशिमुरा यांनी ती १९९७ मध्ये तयार केली. आकड्यांची माळ पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायला त्यात २ चा १९,९३७ वा घात वजा १ इतके आकडे लागतात, म्हणून खेळासाठी ती उत्तम आहे. पण तिचे सलग ६२४ आकडे कोणाला मिळाले तर पुढचे सगळे ओळखता येतात. म्हणून एकच माळ मोसमभर चालू ठेवून तिचे आकडे गुणनोंदीत छापणे धोक्याचे. प्रत्येक सामन्याला नवा बीजांक हवा. तसेच मोसमाच्या मध्ये इंजिनात दुरुस्ती झाली तर जुने सामने नव्या आवृत्तीवर जुळणार नाहीत, म्हणून आवृत्तीचा क्रमांक प्रत्येक निकालाला जोडलेला असावा. उपांत्य फेरी आणि अंतिम फेरी यांच्यामध्ये आवृत्ती बदलू नयेच. एवढ्या एका नियमाने निम्मी भांडणे मिटतील, असे मला मनापासून वाटते.

बाद झालेले खेळाडू उपांत्य निकालाकडे डोळे लावून का बसतात, असे कोणी विचारेल. क्रमवारीमुळे. ज्या लीगनी पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसमधल्या मास्टर्स १००० स्पर्धांचा गुणतक्ता उचलला आहे तिथे २०२४ पासूनच्या आकड्यांप्रमाणे उपांत्य फेरीत हरणाऱ्याला ४००, उपविजेत्याला ६५० आणि विजेत्याला १००० गुण मिळतात. त्या २५० गुणांच्या फरकाने पुढच्या स्पर्धेत कोणाला पहिल्या आठात मानांकन मिळेल हे ठरते, आणि ३२ जणांच्या ड्रॉमध्ये मानांकन नसणे म्हणजे पहिल्याच फेरीत अव्वल खेळाडू समोर येण्याची भीती. एलो पद्धत (प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीप्रमाणे गुण वाढवणारी-घटवणारी) वापरणाऱ्या लीगमध्ये हिशेब वेगळा: १०० गुणांनी वरचा खेळाडू ६४ टक्के वेळा जिंकेल अशी अपेक्षा असते, आणि बदलाचा गुणक ३२ असेल तर तो हरल्यास सुमारे २० गुण गमावतो, जिंकल्यास साडेअकराच कमावतो.

गटसाखळीतून उपांत्य फेरी ठरत असेल तर बरोबरी सोडवण्याचा क्रम आधी छापलेला हवा: दोघांत बरोबरी असल्यास आपसातला निकाल, तिघांत असल्यास सेटची टक्केवारी, मग गेमची. माघार घेतलेला सामना सरळ सेटमधला पराभव धरायचा की झालेले गेमच मोजायचे, हे न लिहिल्याने कोण आत आणि कोण बाहेर याचा घोळ होतो.

ज्या लीगमध्ये खेळाडू स्वतः कंट्रोलर हातात घेऊन खेळतात त्यांची गोष्ट निराळी. २०२० च्या एप्रिलमध्ये, कोर्ट बंद असताना, माद्रिद स्पर्धेने व्यावसायिक खेळाडूंची अशी ऑनलाइन स्पर्धा घेतली; पुरुषांत अँडी मरे आणि महिलांत किकी बर्टेन्स जिंकले. तिथे बीजांकापेक्षा जोडणीचा विलंब महत्त्वाचा. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या खेळात १०० मिलिसेकंदांचा विलंब म्हणजे सहा चित्रे उशीर, आणि तेवढ्या वेळात ताशी २०० किलोमीटरची सर्व्हिस रॅकेटवरून निघतानाच्या वेगाने साडेपाच मीटर पुढे गेलेली असते. कोर्टाची पूर्ण लांबी २३.७७ मीटर आहे. ज्याच्या यंत्रावर सामना चालतो त्याला विलंब जाणवत नाही, म्हणून उपांत्य फेरीपासून पुढे सामना तिसऱ्या, तटस्थ सर्व्हरवर चालवावा आणि दोघांचा विलंब निकालासोबत द्यावा.

आपल्या क्रीडा विभागाला विनंती इतकीच. अशा लीगचा उपांत्य निकाल छापताना विजेत्याच्या नावापुढे पृष्ठभाग, सामन्याचा प्रकार, दोघांचे एकूण गुण, ब्रेक पॉइंट आणि पुढे चाल की माघार एवढे द्यावे. उदाहरणार्थ: ‘हार्ड कोर्ट, तीन सेट, ४-६, ७-६ (५), ७-५, एकूण गुण १०६-११२, ब्रेक पॉइंट ४ पैकी २, ११ पैकी २, बीजांक व गुणनोंद जाहीर.’ बीजांक किंवा गुणनोंद जाहीर झाली नसेल तर ‘जाहीर नाही’ असे त्याच ओळीत छापावे.

आपला,
एक वाचक